हाब्सबुर्ग साम्राज्याला भाषांनी मारले नाही

हाब्सबुर्ग घराण्याच्या ऑस्ट्रिया-हंगेरीचा विषय निघाला, की निकाल आधीच लागलेला असतो. म्हातारा सम्राट, डझनभर भाषा, एकमेकांवर डोळे वटारून बसलेले समाज, आणि २८ जून १९१४ रोजी साराएव्होत युवराजावर सुटलेल्या गोळ्या. एवढे सांगितले, की मध्य युरोपावर शतकानुशतके चाललेल्या एका राज्याचा इतिहास संपतो. शाळेच्या पुस्तकातल्या परिच्छेदापासून अग्रलेखातल्या इशाऱ्यापर्यंत सगळीकडे तीच री ओढली जाते : एका राज्यात अनेक राष्ट्रे नांदत नाहीत, नांदली तर धाकाने, आणि धाक सरला की फुटतात, हाब्सबुर्गांचे काय झाले ते पाहा.

हे मत इतके अंगवळणी पडले आहे, की ते एकदा तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. ते तपासलेच पाहिजे, कारण ते चुकीचे आहे. आणि ज्या देशाच्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत, त्या देशाने तरी ते डोळे मिटून स्वीकारू नये.

विरोधी बाजू तिच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायची तर ती अशी. हे साम्राज्य कृत्रिम होते. लग्ने, वारसाहक्क आणि तह यांनी जोडलेल्या मुलखांना लोकांच्या इच्छेचा आधार नव्हता. ते राष्ट्रांचा तुरुंग होते. जर्मन आणि मॅग्यार (हंगेरियन) या दोन समाजांनी बाकी सगळ्यांना दाबून ठेवले होते. त्याचे राजकारण भाषेच्या भांडणात रुतून बसले होते. संसद चालत नव्हती, सरकार हुकमांवर चालत होते. म्हणून त्याचा अंत अटळ होता. युद्धाने फक्त तारीख ठरवली, आणि १९१८ मध्ये नैसर्गिक राष्ट्रे आपापल्या घरी गेली. हंगेरीच्या कारोयी मंत्रिमंडळात राष्ट्रीयत्वांचे खाते सांभाळलेले ओस्कार यासी यांनी १९२९ मध्ये अमेरिकेत या विघटनावर जाडजूड ग्रंथ लिहिला. ए. जे. पी. टेलर यांनी १९४० च्या दशकात याच धाटणीचे पुस्तक लिहून इंग्रजी वाचकांच्या मनात ते घट्ट रुजवले. दोघेही विद्वान, दोघांच्याही लिखाणावर कोसळलेल्या राज्याचे सावट होते. शेवट ठाऊक असलेल्या माणसाला प्रत्येक पान त्या शेवटाकडेच जाताना दिसते.

पण या सगळ्या आरोपांत हाब्सबुर्गांची तुलना नेमकी कोणाशी केली जाते? एका अशा राज्याशी, जिथे सगळे एकच भाषा बोलतात, सगळ्यांना आपले राष्ट्र ठाऊक आहे आणि सरकार त्या राष्ट्राच्या संमतीने चालते. असे राज्य १९०० च्या सुमाराला युरोपात कुठे होते? नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल का? खऱ्या राज्याला कल्पनेतल्या राज्याच्या शेजारी उभे केले, तर ते नेहमीच खुजे दिसणार. तुलना करायची तर रशियाशी, प्रशियाशी, फ्रान्सशी, ब्रिटनशी करा, आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या जागी आलेल्या राज्यांशीही करा. डॉमिनिक लिव्हेन यांनी २००० मध्ये रशियन साम्राज्य त्याच्या प्रतिस्पर्ध्यांशेजारी ठेवून पाहिले. जेन बरबँक आणि फ्रेडरिक कूपर यांनी २०१० मध्ये रोम आणि चीनपासूनची साम्राज्ये एका ग्रंथात आणली. पीटर जडसन यांनी २०१६ मध्ये हाब्सबुर्गांचा इतिहास नव्याने लिहिला. रुंद पटावर मांडले, की जुना निकाल टिकत नाही.

आधी कृत्रिमपणाचा आरोप. कास्तील आणि आरागॉन ही राज्ये १४६९ च्या एका लग्नातून जवळ आली आणि स्पेन घडला. इंग्लंड आणि स्कॉटलंड १६०३ मध्ये एका वारसामुळे एका राजाखाली आले आणि १७०७ मध्ये एका कायद्याने एक झाले. जर्मनी १८७१ मध्ये तीन युद्धांनंतर जुळला. फ्रान्स तर अखंड राष्ट्राचा नमुना मानला जातो. तिथल्या १८६३ च्या सरकारी पाहणीत ३७ हजारांहून अधिक गावांपैकी आठ हजारांहून अधिक गावांत फ्रेंच बोललीच जात नव्हती. लग्नांनी जोडलेला स्पेन नैसर्गिक आणि लग्नांनी जोडलेला ऑस्ट्रिया कृत्रिम, हा कुठला न्याय? राज्य कसे जुळले यावरून ते टिकेल की नाही हे ठरत असते, तर युरोपातले एकही राज्य टिकले नसते.

आता तुरुंगाचा आरोप. हा सगळ्यांत गंभीर आहे, म्हणून त्याच्याजवळ थोडे थांबले पाहिजे.

१८६७ मध्ये साम्राज्याचे दोन भाग झाले : ऑस्ट्रियाचा अर्धा व्हिएन्नातून चाले, हंगेरीचा बुडापेस्टहून. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ऑस्ट्रियाच्या अर्ध्याला राज्यघटनेचे कायदे मिळाले. त्यातल्या एकोणिसाव्या कलमाने राज्यातले सर्व समाज समान हक्कांचे ठरवले, आपली भाषा जपण्याचा आणि वाढवण्याचा हक्क प्रत्येकाला दिला, आणि शाळा, कचेरी व सार्वजनिक जीवनात प्रांतात रूढ असलेल्या सर्व भाषांची समानता मान्य केली. टीकाकार म्हणतात, कागदावर काय, काहीही लिहिता येते. पण हे कलम कागदावर राहिले नाही. १८६९ च्या शाळा कायद्याने ठरवले, की तासाभराच्या चालीच्या परिसरात पाच वर्षांच्या सरासरीने चाळीसहून अधिक मुले अशी असतील, की त्यांना सुमारे चार किलोमीटरहून लांबच्या शाळेत जावे लागते, तर तिथे शाळा काढलीच पाहिजे. गावोगावच्या लोकांनी हा नियम आणि एकोणिसावे कलम हातात हात घालून न्यायालयात नेले. आमच्या भाषेची चाळीस मुले आहेत, शाळा द्या, असे दावे व्हिएन्नाच्या वरिष्ठ न्यायालयांपुढे चालले आणि नगरपालिकांच्या विरोधात निकाल लागून अल्पसंख्य भाषेच्या शाळा उघडल्या. सर्वसाधारण गावकरी सरकारला भाषेच्या हक्कासाठी कोर्टात खेचतो आणि जिंकतो. तुरुंगात कैद्यांना असा हक्क असतो?

प्राहा विद्यापीठाचे १८८२ मध्ये चेक आणि जर्मन असे दोन भाग झाले. त्यातल्या जर्मन विद्यापीठात पुढे आइन्स्टाइनने शिकवले. क्राकुफ आणि ल्वुफ इथल्या विद्यापीठांत पोलिश ही शिकवण्याची भाषा होती. साम्राज्याच्या पूर्व टोकाला, आज युक्रेनमध्ये असलेल्या चेर्नोव्हिट्झला १८७५ मध्ये विद्यापीठ निघाले. जर्मन, रुमेनियन, युक्रेनियन, पोलिश आणि यिडिश बोलणाऱ्यांच्या त्या शहरात कायद्याचे प्राध्यापक ऑयगेन एर्लिख यांनी पाहिले, की एकाच संहितेखाली राहणारे शेजारी समाज प्रत्यक्षात वेगवेगळे रिवाज पाळतात. त्या निरीक्षणातून त्यांनी कायद्याच्या समाजशास्त्राचा पाया घातला.

साम्राज्याची एक नोट हातात घेऊन पाहा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या क्रोनच्या नोटेची एक बाजू जर्मनमध्ये, दुसरी हंगेरियनमध्ये. जर्मन बाजूवर नोटेची किंमत आणखी आठ भाषांत लिहिलेली : चेक, पोलिश, युक्रेनियन, इटालियन, स्लोव्हेन, क्रोएशियन, सर्बियन आणि रुमेनियन. बाजारात अंडी विकणाऱ्या बाईला हातातल्या कागदावर आपली भाषा दिसत होती. मराठी वाचकाला ही नोट परकी वाटणार नाही. त्याच्या खिशातल्या नोटेवर सतरा भाषा आहेत.

आणि त्याच काळात बाकीचे काय करत होते? रशियाने १८७६ च्या फर्मानाने युक्रेनियन भाषेत पुस्तके छापायला आणि नाटके करायला बंदी घातली. लिथुएनियन भाषा लॅटिन लिपीत छापण्यावरची बंदी रशियात सुमारे चाळीस वर्षे, १९०४ पर्यंत टिकली. अशा काळात युक्रेनियन इतिहासकार मिखाइलो ह्रुशेव्ह्स्की १८९४ मध्ये कीव्ह सोडून ल्वुफला आले आणि आपल्या लोकांचा इतिहास आपल्या भाषेत शिकवू लागले. माणूस तुरुंगातून बाहेर पळतो. ह्रुशेव्ह्स्की कुठून कुठे गेले ते पाहावे. प्रशियाने १८८५ मध्ये हजारो पोलिश लोकांना हद्दपार केले, आणि पोलिश मालकांच्या जमिनी जर्मनांकडे जाव्यात म्हणून दुसऱ्याच वर्षी सरकारी आयोग नेमला. १९०१ मध्ये व्झेश्निया गावच्या शाळेत पोलिश मुलांनी धर्मशिक्षणाच्या तासाला जर्मनमध्ये उत्तरे द्यायला नकार दिला, तेव्हा मास्तरांनी त्यांना छड्यांनी फोडून काढले आणि निषेध करणाऱ्या पालकांना कैद झाली. फ्रान्समध्ये ब्रेतॉन बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात शाळेत लाजेची खूण अडकवली जाई. वेल्समध्ये वेल्श बोलणाऱ्या पोराचीही तीच गत होई.

ब्रिटिशांच्या हिंदुस्थानकडे पाहिले, तर मराठी वाचकाला वेगळा पुरावा शोधायला नको. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांसाठी वेगळा जाचक कायदा केला. इंग्रजी पत्रे त्यातून मोकळी होती. मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांत मराठीला जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. १९०८ मध्ये केसरीतल्या मराठी लेखांसाठी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला जावे लागले. त्याच सुमाराला चेक विद्यापीठ पंचविशी ओलांडून गेले होते. मग राष्ट्रांचा तुरुंग हे बिरूद एकट्या व्हिएन्नाच्या गळ्यात का?

दोष होते. जनगणनेत रोजच्या वापराची एकच भाषा नोंदवायची सक्ती होती. दोन भाषा बोलणाऱ्याला आपले खरे उत्तर देताच येत नव्हते. यिडिशला भाषा म्हणून मान्यता नव्हती. खुद्द व्हिएन्नात राहणाऱ्या लाखभर चेक लोकांना त्या प्रांतातला समाज म्हणून न्यायालयाने मानले नाही. हे दोष मोजायलाच हवेत, पण सगळ्यांचे एकाच मापाने.

इथे विरोधक हंगेरीचे नाव काढतात, आणि काढलेच पाहिजे. हंगेरीच्या अर्ध्यात मतदानाचा हक्क जेमतेम सहा टक्के लोकांना होता. १९०७ च्या शाळा कायद्याने स्लोव्हाक आणि रुमेनियन शाळांवर मॅग्यार भाषा लादली. त्याच वर्षी चेर्नोव्हा या स्लोव्हाक खेड्यात नव्या चर्चच्या अभिषेकाच्या वादात पोलिसांनी गोळीबार केला आणि पंधरा माणसे मेली. हा जुलूम होता. पण तो कोणत्या विचारातून आला? हंगेरीचे राज्यकर्ते आपले राज्य एक राष्ट्र, एक भाषा या साच्यात ओतू पाहत होते. पॅरिस आणि बर्लिन हे त्यांचे आदर्श होते. टीकाकार जे औषध सुचवतात, ते बुडापेस्टने घेऊन पाहिले, आणि जखमा त्यानेच झाल्या. हंगेरीचे उदाहरण एकभाषी राष्ट्राच्या हट्टाविरुद्धचा पुरावा आहे. तो बहुभाषी राज्याविरुद्ध वापरणे म्हणजे साक्षीदारालाच आरोपी करणे.

तिसरा आरोप : राजकारण रुतले होते. १८९७ मध्ये पंतप्रधान बादेनी यांनी बोहेमिया आणि मोराव्हिया या चेक प्रांतांतल्या सरकारी नोकरांना चेक आणि जर्मन दोन्ही भाषा येणे सक्तीचे केले. जर्मन पक्ष खवळले. ब्रनोचे प्रतिनिधी ओटो लेखर संसदेत सलग बारा तास बोलत उभे राहिले. सभागृहात मारामाऱ्या झाल्या, रस्त्यांवर दंगली झाल्या, आणि नोव्हेंबरात बादेनींना पद सोडावे लागले. त्या वेळी व्हिएन्नात असलेल्या मार्क ट्वेनने हे सगळे लिहून ठेवले, आणि तेव्हापासून ऑस्ट्रियाची संसद म्हणजे हेच चित्र, असे ठरले.

पण पुढे काय झाले ते कोण सांगते? १९०५ मध्ये मोराव्हियाच्या चेक आणि जर्मन नेत्यांनी समझोता केला. मतदारांच्या याद्या भाषिक समाजानुसार वेगळ्या झाल्या, विधिमंडळात चेकांना ७३ आणि जर्मनांना ४० जागा ठरल्या, आणि एकाने दुसऱ्याला निवडणुकीत चिरडण्याची भीती संपली. १९१० च्या सुमाराला बुकोव्हिनात अनेक समाजांसाठी असाच, याहून गुंतागुंतीचा समझोता झाला. फेब्रुवारी १९१४ मध्ये, क्राकुफ आणि ल्वुफ ज्यात होते त्या गालिसिया प्रांतात पोलिश आणि युक्रेनियन नेत्यांचे जमले. युक्रेनियनांना चौथाईहून अधिक जागा मिळायच्या होत्या. समाजवादी कार्ल रेनर आणि ओटो बाउअर यांनी तर माणूस कुठेही राहो, भाषेचे हक्क त्याच्यासोबत चालावेत, अशी संपूर्ण योजनाच मांडली. तिचा प्रतिवाद लिहायला १९१३ मध्ये स्तालिन व्हिएन्नात येऊन राहिला. ज्या राज्यात काही घडतच नाही, तिथे शत्रू कशाला अभ्यासाला येतील?

१९०७ हे एकच वर्ष घ्या. ऑस्ट्रियात त्या वर्षी चोवीस वर्षांवरच्या सर्व पुरुषांना समान मताधिकार मिळून ५१६ जागांची संसद निवडली गेली. त्याच वर्षी जूनमध्ये रशियाच्या झारने दुसरी दूमा (संसद) बरखास्त करून मताधिकार कापला. प्रशियात तेव्हा मताचे वजन कर किती भरतो यावर ठरत होते, आणि १९१८ पर्यंत ठरत राहिले. ब्रिटनमध्ये सुमारे चाळीस टक्के प्रौढ पुरुषांना १९१८ पर्यंत मतच नव्हते. तुंबलेले राजकारण म्हणायचे, तर १९१४ चा आयर्लंडचा प्रश्न पाहा : अल्स्टरमध्ये खासगी सशस्त्र दले उभी होती आणि मार्चमध्ये तिथल्या करा (Curragh) छावणीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्यांच्यावर चालून जाण्यापेक्षा राजीनामे देऊ म्हणून सांगितले. त्याच्या महिनाभर आधी गालिसियात कराराची शाई वाळली होती. मार्च १९१४ मध्ये पंतप्रधान श्टुर्क यांनी संसद तहकूब केली हे खरे, आणि तिला तीन वर्षे कुलूप लावणे हा त्यांचा अक्षम्य अपराध होता. पण एका पंतप्रधानाचा हट्ट म्हणजे पन्नास वर्षांच्या घटनात्मक जीवनाचा निकाल नव्हे.

चौथा आणि सगळ्यांत लाडका मुद्दा : लोकांनाच बाहेर पडायचे होते. कोणत्या लोकांना? बोहेमिया-मोराव्हियाच्या खेड्यांत एक जुनी रीत होती. चेक घरातला दहा-अकरा वर्षांचा मुलगा वर्षभर जर्मन कुटुंबात राहायला जाई आणि त्या कुटुंबातले पोर चेक घरी येई. दोघे एकमेकांच्या घरी जेवत, शेतात राबत, शाळेत जात, आणि वर्षअखेरीला दुसरी भाषा घेऊन परतत. शेतकऱ्याला यात काही वावगे वाटत नव्हते. दुसरी भाषा आली तर बाजारात आणि नोकरीत उपयोगी पडणार. वावगे वाटले ते राष्ट्रवादी कार्यकर्त्यांना. दोन्हीकडचे कार्यकर्ते या अदलाबदलीविरुद्ध प्रचार करत. मोराव्हियात तर १९०५ नंतर कायद्याचाच आधार घेऊन दुसऱ्या भाषेच्या शाळेत घातलेली मुले परत मागण्याचे प्रकार झाले. टारा झाहरा यांनी २००८ च्या आपल्या पुस्तकात हा झगडा तपशिलाने मांडला आहे. राष्ट्रे आधीपासून तयार होती आणि साम्राज्य त्यांच्या छातीवर बसले होते, असे असते तर लोकांना एका राष्ट्रात कोंबण्यासाठी इतकी धडपड का करावी लागली असती?

नेत्यांचे म्हणाल, तर चेक इतिहासकार पालात्स्की यांनी १८४८ मध्ये फ्रँकफर्टच्या जर्मन संसदेचे आमंत्रण नाकारले, ते ऑस्ट्रियाच्या बाजूने : जर्मनी आणि रशिया यांच्या मधल्या लहान समाजांना असे राज्य हवेच, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे चेकोस्लोव्हाकियाचे पहिले अध्यक्ष झालेले मासारिक युद्ध सुरू होईपर्यंत व्हिएन्नाच्या संसदेत बसत होते आणि सुधारणा मागत होते. जानेवारी १९१८ मध्ये विल्सन यांनी चौदा कलमे मांडली, त्यातल्या दहाव्या कलमातही ऑस्ट्रिया-हंगेरीच्या समाजांना स्वायत्त विकासाची संधी मागितली होती, साम्राज्य मोडा असे म्हटले नव्हते. जिथे बाहेरचा शत्रूही तोपर्यंत मरण गृहीत धरत नव्हता, तिथे इतिहासकार ते पन्नास वर्षे आधीपासून गृहीत धरतात, हे कोणत्या आधारावर?

मग साम्राज्य मोडले कशाने? युद्धाने, आणि ते युद्ध ज्या पद्धतीने चालवले गेले तिने. हे युद्ध व्हिएन्नाच्या राज्यकर्त्यांनीच सर्बियावर स्वारी करून पेटवले. ती जबाबदारी त्यांची आहे, त्यांच्या प्रजेच्या भाषांची नव्हे. लष्कराने मुलकी कारभार ताब्यात घेतला, गालिसियात संशयावरून युक्रेनियन गावकऱ्यांना फासावर चढवले, हजारोंना ग्राझजवळच्या टालरहोफ छावणीत डांबले. एकोणिसाव्या कलमाने पन्नास वर्षांत कमावलेला विश्वास सेनापतींनी चार वर्षांत उधळला. त्यात उपासमार. जानेवारी १९१८ मध्ये पिठाचा शिधा कापला गेला आणि व्हीनर नॉयश्टाट इथल्या कारखान्यातून सुरू झालेला संप देशभर पसरला. संपकऱ्यांची मागणी भाकरीची आणि तहाची होती. जे सरकार पाव देऊ शकत नाही, त्याच्याशी कोणत्याच भाषेचा माणूस एकनिष्ठ राहत नाही.

फौज भाषांमुळे फुटली म्हणावे, तर पुरावा उलटा आहे. अर्ध्याहून अधिक पलटणींत दोन किंवा जास्त भाषा चालत, अधिकाऱ्याला शिपायांची भाषा शिकावीच लागे, आणि ही फौज चार वर्षांहून अधिक काळ लढली. प्राहाची २८ वी पलटण १९१५ मध्ये वाजतगाजत शत्रूला मिळाली ही प्रसिद्ध कथा नंतरच्या संशोधनात टिकली नाही. रशियन हल्ल्याने ती पलटण चिरडली गेली होती. दुसरीकडे, एकभाषी म्हणवणाऱ्या फ्रान्सच्या फौजेत १९१७ मध्ये मोठे बंड झाले, त्याच वर्षी कापोरेत्तोला इटलीची फौज कोसळली, रशियाची फौज विरघळली, आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मनीचा कैसर पळाला. भाषांमुळे साम्राज्ये पडतात म्हणावे, तर जर्मनीचे होहेनझोलर्न घराणे कसे पडले? आणि युद्ध जिंकलेल्या ब्रिटनच्या हातून चार वर्षांत आयर्लंडचा बहुतेक भाग कसा गेला?

आता त्या नैसर्गिक राष्ट्रांकडे वळू. १९१९ च्या वसंतात चेकोस्लोव्हाकियाने सीमा बंद करून जुन्या क्रोनच्या नोटांवर आपली तिकिटे चिकटवली. दक्षिण स्लाव्ह राज्याने आणि ऑस्ट्रियाने आपले शिक्के मारले. नोट तीच, आठ भाषाही त्याच, वर फक्त नवा मालक. खालचा कायदासुद्धा तोच राहिला : चेकोस्लोव्हाकियाने २८ ऑक्टोबर १९१८ च्या पहिल्याच कायद्यात सगळे जुने कायदे चालू ठेवले, आणि १८११ ची ऑस्ट्रियाची नागरी संहिता तिथल्या चेक मुलखात १९५० पर्यंत लागू होती. मेलेल्या, कुजलेल्या राज्याचे कायदे त्याचे वारस तीस वर्षे वापरत बसतात का?

या राष्ट्रांत राहत कोण होते? १९२१ च्या जनगणनेत चेकोस्लोव्हाकियात तीस लाखांहून अधिक जर्मन होते, स्लोव्हाकांपेक्षा जास्त. ते झाकण्यासाठी चेक आणि स्लोव्हाक यांची एकच नोंद केली गेली. पोलंडमध्ये सुमारे तिसरा हिस्सा लोक पोलिश नव्हते. १९३० च्या रुमेनियात चौथाईहून अधिक लोक रुमेनियन नव्हते. हीही बहुराष्ट्रीय राज्येच होती. फरक एवढाच, की जुन्या राज्याच्या ऑस्ट्रियन अर्ध्यात सगळे समाज कायद्याने समान होते आणि नव्या राज्यांत एक यजमान झाला आणि बाकीचे अल्पसंख्य. दोस्त राष्ट्रांना १९१९ मध्ये पोलंडपासून सुरुवात करून अल्पसंख्याकांच्या रक्षणाचे वेगळे करार करून घ्यावे लागले, आणि ते करार पाळले गेले नाहीत. पुढचे जग जाणते. नाझींनी आणि त्यांच्या साथीदारांनी ल्वुफ आणि चेर्नोव्हिट्झच्या ज्यूंचा संहार केला, युद्धानंतर ल्वुफच्या पोलिश लोकांना बाहेर काढले गेले, आणि चेकोस्लोव्हाकियाने सुमारे तीस लाख जर्मनांना हाकलले. नकाशा आणि भाषा यांचे जमले, ते असे. याला नैसर्गिक म्हणायचे असेल, तर त्या नैसर्गिकपणाची किंमतही त्याच पानावर छापावी.

हा वाद दूरच्या युरोपाचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याच मताचा धाक भारताला दाखवला गेला. १९४८ मध्ये दार आयोगाने भाषावार प्रांतरचनेविरुद्ध कौल दिला. देश फुटेल ही भीती त्यामागे होती. १९६० मध्ये सेलिग हॅरिसन यांनी भारताच्या फुटीची शक्यता मांडणारे पुस्तक लिहिले, आणि त्याच वर्षी १ मे रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. तो मिळवण्यासाठी शंभराहून अधिक माणसांनी जीव दिला, आणि मिळाल्यावर मराठी माणूस भारतातून बाहेर पडला नाही, उलट अधिक घट्ट बसला. फुटला कोण? ज्याने १९४८ मध्ये ढाक्यात उर्दू हीच राष्ट्रभाषा असे बजावले आणि २१ फेब्रुवारी १९५२ रोजी बंगालीसाठी मोर्चा काढणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, तो पाकिस्तान १९७१ मध्ये फुटला. १९५६ मध्ये एकट्या सिंहलीला राजभाषा करणारा श्रीलंका पुढे पाव शतकाहून अधिक काळ यादवीत जळला. हे अपवाद नाहीत. बुडापेस्ट, व्झेश्निया, ढाका, कोलंबो : सगळीकडे एकच गोष्ट घडली आहे.

म्हणून हाब्सबुर्गांवरचा तो परिच्छेद नव्याने लिहिला गेला पाहिजे. त्यात सांगितले पाहिजे, की पाच कोटींहून अधिक लोकसंख्येच्या, क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठ्या त्या राज्याने अनेक भाषांच्या लोकांना एका कायद्याखाली समान हक्क देण्याचा आपल्या काळातला सगळ्यांत मोठा प्रयत्न केला. की जिथे तो प्रयत्न सोडून एका भाषेची सक्ती झाली तिथेच जुलूम झाला. की १९१४ पर्यंत एकामागून एक प्रांतात तडजोडी जमत होत्या. आणि की ते राज्य त्याच्याच सत्ताधाऱ्यांनी पेटवलेल्या युद्धाने, लष्करी अंमलाने आणि भुकेने मोडले. भाषांनी ते मोडले हा आरोप पुराव्यात बसत नाही. जो हा आरोप पुन्हा करील, त्याने आधी प्रशिया, रशिया आणि पाकिस्तान यांचा हिशेब द्यावा, आणि तो दिल्यावरही हाच निष्कर्ष कसा निघतो ते दाखवावे.